पुण्याला बंदर नाही

सासऱ्यांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला
आणि डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी थोडं चालवा.
वैजूची ड्यूटी दुपारपाळीची,
म्हणून ते माझ्या वाट्याला आले.

आमचं दोघांचं बोलणं तोवर
मीठ द्या, पंखा वाढवू का, एवढंच.

मी त्यांना बंडगार्डनच्या जुन्या दगडी पुलावर नेलं.
तिथे आता गाड्या नाहीत,
शेंगदाणेवाला आहे, पाळण्यातली दोन जुळी बाळं,
आणि कठड्याला टेकून भांडणारे कोणी ना कोणी.
खाली जलपर्णी. डास. तो वास,
जो आम्हा पुणेकरांना येत नाही.

सावळाराम मोंडकर, मूळ देवगडचे,
मुंबई बंदरात एकतीस वर्षं पायलट लाँचवर तांडेल.
हिरवी पट्टी डोळ्यावर,
हात कठड्यावर असे, जणू तो हलणार आहे.
त्यांनी आधी वारा पाहिला,
मग पाणी,
सूर्याकडे सर्वांत शेवटी.

म्हणाले, "ह्या पाणी सूर्याकडसून येता."

मी पंचेचाळीस वर्षं या गावात आहे.
माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं.

"मगे जाता खंय?"
मी शाळेतलं आठवून सांगितलं:
पुढे भीमा, मग कृष्णा, मग पूर्वेचा समुद्र.
ते गप्प झाले.
मावळतीचा समुद्र घाटाखाली, इतका जवळ,
आणि डोंगराच्या माथ्यावर पाऊस
एक वीत अलीकडे पडला म्हणून
हे सगळं पाणी
त्याच्याकडे पाठ करून निघालेलं.

"फसला," म्हणाले. पाण्याला उद्देशून असावं.

दुसऱ्या दिवसापासून पट्टी नव्हती.
त्यांनी क्रेन मोजल्या. सात.
नदीकाठी टॉवर चढवणाऱ्या, पिवळ्या,
ते म्हणाले, माल उतरवायला कोणी येत नाही वाटतं.
इमारतींच्या डोक्यावरचे लाल दिवे बघून
आत येताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे
असं मला शिकवलं.
मेट्रो पाण्यावरून गेली
तेव्हा बोलता बोलता थांबून
तिची शेवटची खिडकी जाईपर्यंत पाहिली,
बोट जेटीपासून सुटल्यासारखी.

सूर्य मात्र इथला त्यांना पटला नाही.
"ह्यो बुडत नाय," म्हणाले,
"ह्यो नुसतो झाकतत."
खरंच, तो कुठल्यातरी आयटी कंपनीच्या मागे गेला
आणि थोडा वेळ तिच्या काचांतून
दुसऱ्याच कुणाला दिसत राहिला.

त्यानंतर त्यांचा उजवा हात
कठड्यावर काहीतरी शोधायचा.
रोज. त्याच वेळी.
चौथ्या दिवशी मी विचारलं.
लाँचचे दिवे लावायचं बटण
एकतीस वर्षं तिथंच होतं.

पुलावरचे दिवे लागले. तिसरा लागला नाही.
ते त्याच्याखाली जाऊन उभे राहिले, मान वर,
दुसऱ्या डोळ्यात अजून धुकं असलेले.
"रिपोर्ट करूक होयो."
मी हसलो. ते हसले नाहीत.
मी महापालिकेच्या नंबरवर फोन लावला,
खांबाचा क्रमांक त्यांनी वाचून दाखवला,
एकेक आकडा सुटा सुटा,
वायरलेसवर सांगतात तसा.

ज्येष्ठात ते देवगडला परत गेले.
उजवा डोळा दिवाळीनंतर करू म्हणाले.

आता मी ऑफिसातून येताना पुलावर थांबतो.
गुडघ्यांसाठी, असं वैजूला सांगितलंय.
पाणी सूर्याकडून येतं,
माझ्या पायांखालून जातं,
मी एकदा इकडे बघतो, एकदा तिकडे.

दर रविवारी त्यांचा फोन येतो.
पूर्वी हिला यायचा, आता मला.
तब्येत नाही, पाऊस नाही,
सरळ, "दिवो लागलो?"
मी म्हणतो, नाही अजून.
मग ते महापालिकेला दोन शब्द देतात
आणि मग आम्ही बोलतो. बराच वेळ.

मंगळवारी तिसरा दिवा लागला.
चांगला, पांढरा, आजूबाजूच्यांपेक्षा जास्तच.
त्याच्याखाली शेंगदाणेवाल्याने गाडी लावलीय.

उद्या रविवार.